कंप विरतो कोठें?

देवळांत शिरतांना माणूस घंटा वाजवितो आणि पुढें निघून जातो. तिचा नाद मात्र त्याच्या पाठीमागें कितीतरी वेळ घुमत राहतो. कोणी घंटेवर तळहात टेकविला तर तोच नाद जागच्या जागीं बसतो. आणि तितक्याच जोरानें लांकडी पाटावर टोला हाणला तर नाद उमटतो न उमटतो तोंच संपतो. टोला सारखाच, परंतु एके ठिकाणीं कंप सावकाश विरला, दुसरीकडे तत्काळ विरला, तिसरीकडे तर जन्मतांच मेला. हा कंप जातो कोठें, आणि त्यानें किती त्वरेनें जावें हें कशावर ठरतें, हा प्रश्न वरवर पाहतां रिकाम्या वेळचा वाटतो. तथापि गेल्या दोन-अडीच शतकांत मोठमोठ्या गणित्यांना त्यानें चकविलें आहे, आणि पुलांच्या व धरणांच्या सुरक्षिततेचा हिशोब आज त्याच्याशींच जखडलेला आहे.

स्थापत्यशास्त्रांत कंपाच्या ह्या विरण्याला अवमंदन म्हणतात. कोणतेंहि बांधकाम हालूं लागलें म्हणजे त्याचें हालणें तीन गोष्टींवर ठरतें: त्याचें वस्तुमान, त्याचा ताठरपणा आणि हें अवमंदन. पैकीं पहिल्या दोन गोष्टी नकाशावरून काढतां येतात. किती काँक्रीट, किती पोलाद, खांब केवढे, तुळया केवढ्या हें ठाऊक असलें म्हणजे काम भागतें. तिसरी गोष्ट नकाशावर कोठेंच काढलेली नसते. सांध्यांत एकमेकांवर घासणारे पत्रे, काँक्रीटमधील केसासारख्या भेगा, भिंतींचा गिलावा, पायाखालचा मुरूम, भोंवतालची हवा ह्या सर्वांत गतीचा थोडथोडा अंश उष्णतेच्या रूपानें किंवा जमिनींत पसरून नाहींसा होतो. ह्या साऱ्या गळतीची बेरीज म्हणजे अवमंदन. आणि ज्याची प्रत्येक रक्कम अंदाजाची, त्याची बेरीज तरी अंदाजाहून निराळी कशी असणार?

ही बेरीज शेंकड्यांत सांगण्याची रीत आहे. बाजूस ओढून सोडलेली वस्तु एकहि हेलकावा न घेतां मूळ जागीं परत यावी, इतक्या अवमंदनास १०० मानावयाचें. दार आपोआप मिटविणारें यंत्र नीट बसविलेलें असलें म्हणजे दार ह्याच प्रकारें मिटतें. इमारती ह्यापासून फार दूर असतात; बहुधा त्या १ ते ५ च्या दरम्यान कोठेंतरी पडतात. शेंकडा ५ अवमंदन असलें तर प्रत्येक हेलकाव्यागणिक झोंक्याची लांबी चतुर्थांशाहून थोडी अधिक घटते. १ असलें तर जेमतेम सोळावा हिस्सा. फरक लहान दिसतो. परंतु बांधकामाच्या स्वतःच्या तालावर कोणी त्यास सतत ढकलीत राहिलें, तर शेंकडा ५ अवमंदन असतां हालणें स्थिर भारानें होणाऱ्या वांकण्याच्या १० पट होतें, २ असतां २५ पट आणि १ असतां ५० पट. भूकंप इतका वेळ टिकत नसल्यामुळें प्रत्यक्ष वाढ एवढी होत नाहीं, हें खरें. तरी एका लहानशा आंकड्यावर केवढें ओझें लादलें गेलें आहे, याची कल्पना यावरून येईल.

ह्या गळतीकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहणाऱ्या पहिल्या माणसांत चार्ल्स कूलों ह्या फ्रेंच लष्करी इंजिनियराची गणना करावी लागते. विजेच्या आकर्षणाचा नियम त्याच्या नांवावर आहे; परंतु त्या नियमाच्या आधीं त्यानें धातूच्या तारांचा अभ्यास केला होता. तारेला वजन टांगून, तिला पीळ देऊन सोडली म्हणजे ती उलटसुलट फिरत राहते आणि हळूहळू थांबते. इ. स. १७८४ मध्यें मांडलेल्या निबंधांत त्यानें असें दाखविलें कीं, हें थांबणें केवळ हवेच्या विरोधामुळें नव्हे. दोष तारेच्या पोटांतच आहे. पीळ जास्त दिला तर तारेचे कण एकमेकांवरून घसरतात व पूर्ववत् होत नाहींत, असें त्याचें म्हणणें होतें. अणूंविषयीं आज जें ज्ञान आहे त्याचा मागमूसहि नसतां केलेलें हें अनुमान आश्चर्य वाटावें इतकें अचूक होतें.

त्यानंतर ऐंशी वर्षांनीं, इ. स. १८६५ मध्यें, ग्लासगोच्या विल्यम टॉम्सन यांनीं, म्हणजे पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धि पावलेल्या शास्त्रज्ञानें, तेच तारांचे प्रयोग पुन्हां हातीं घेतले. त्यांत एक मौजेची गोष्ट आढळली. आठवडाभर रोज कंपत ठेवलेल्या तारेचा कंप शनिवारीं जितक्या लवकर विरे, तितक्या लवकर तो रविवारच्या विश्रांतीनंतर सोमवारीं विरत नसे. जणूं तारहि थकते आणि सुट्टीनंतर ताजीतवानी होते! ह्या गमतीमागें एक अडचणीची गोष्ट दडली होती, ती अशी कीं, एकाच तारेचेंसुद्धां अवमंदन कायमचें एक नसतें. तें तिच्या पूर्वचरित्रावर अवलंबून असतें. वस्तुमानाला पूर्वचरित्र नसतें. एका तारेची ही कथा, तर हजारों टन काँक्रीटची काय असेल?

प्रयोगशाळेंत गुंता असा वाढत असतां गणितानें मात्र आपली वाट सोपी करून घेतली. इ. स. १८७२ मध्यें संधिवाताच्या तीव्र ज्वरांतून उठलेला जॉन विल्यम स्ट्रट हा तरुण इंग्रज गृहस्थ हवापालटासाठीं ईजिप्तला गेला आणि नाईल नदीवरच्या नौकेंत बसून नादशास्त्रावरील ग्रंथ लिहूं लागला. हाच पुढचा लॉर्ड रॅले. त्याचा ग्रंथ इ. स. १८७७ पासून प्रसिद्ध झाला. परंतु त्यांतील एक महत्त्वाची कल्पना त्यानें १८७३ च्या एका निबंधांतच मांडली होती. घर्षणाचा विरोध वेगाच्या प्रमाणांत असतो असें धरलें, तर कंपानें गमावलेल्या शक्तीचा सर्व हिशोब एकाच सुटसुटीत सूत्रांत मावतो, ही ती कल्पना. याच ओघांत त्यानें एक विशेष प्रकार दाखवून दिला. हा विरोध अंशतः वस्तुमानाच्या आणि अंशतः ताठरपणाच्या प्रमाणांत असेल, तर बांधकामाचीं निरनिराळीं कंपनें एकमेकांत न मिसळतां प्रत्येक स्वतंत्रपणें विरतें, आणि एका अवघड समीकरणाऐवजीं अनेक सोपीं समीकरणें सोडवून भागतें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवणें अवश्य आहे. पदार्थांत घर्षण प्रत्यक्ष असेंच घडतें, असा रॅलेचा दावा नव्हता. त्याच्या पुढें तारा होत्या, पडदे होते, हवेचे स्तंभ होते. शंभर मीटर उंचीचीं धरणें त्याच्या स्वप्नांतहि नव्हतीं. गणित सोपें व्हावें म्हणून त्यानें एक खास प्रकार बाजूला काढून दाखविला, इतकेंच. पुढच्या इंजिनियरांनीं मात्र तो अपवाद उचलून नियम करून टाकला आणि त्याला 'रॅले अवमंदन' असें त्याचेंच नांव दिलें. थोरांच्या नांवावर त्यांनीं न केलेल्या गोष्टी चढविण्याची रीत केवळ पुराणांतच आहे असें नाहीं.

वेगाच्या प्रमाणांत विरोध हें गृहीत कितपत खरें, याची झडती इ. स. १९२७ मध्यें अमेरिकेंत घेतली गेली. किंबॉल आणि लव्हेल ह्या दोघा संशोधकांनीं एक चतुर युक्ति योजिली. फिरत्या दांड्याच्या टोकाला वजन टांगलें म्हणजे दांडा खालीं वांकतोच. परंतु त्याच्या पोटांत घर्षण असेल तर तो किंचित् एका बाजूलाहि सरतो. हें सरणें मोजलें कीं अंतर्घर्षण हातीं लागतें. अनेक प्रकारच्या पदार्थांचे दांडे त्यांनीं असे फिरवून पाहिले आणि निष्कर्ष निघाला तो रॅलेच्या सोप्या सूत्राला प्रतिकूल. दांडा सावकाश फिरो वा जलद, दर फेऱ्यास गमावलेली शक्ति जवळजवळ तेवढीच राही. विरोध वेगाच्या प्रमाणांत असता तर वेग दुप्पट होतांच ही गळतीहि दुप्पट व्हावयास हवी होती. म्हणजे पदार्थ एक सांगत होते आणि समीकरणें दुसरेंच. तरीहि समीकरणें टिकून राहिलीं, कारण तीं सुटत होतीं; पदार्थांचें खरें वर्तन कागदावर मांडणें त्या काळच्या साधनांनीं दुरापास्त होतें.

अवमंदनाचें दुसरेंच एक भयंकर रूप इ. स. १९४० मध्यें जगापुढें आलें. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत टॅकोमा येथें ८५३ मीटर मधल्या गाळ्याचा झुलता पूल त्या वर्षीं १ जुलैला खुला झाला. सडपातळ बांध्याचा हा पूल पहिल्यापासूनच वाऱ्यांत लाटेप्रमाणें वरखालीं होई. त्यास आवर घालण्यासाठीं पुलाला तारदोर बांधून ते ५० टनांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना जखडले. ते लवकरच तुटले. द्रवानें भरलेले दट्टे बसविले, तर रंग देण्यापूर्वीं पूल वाळूच्या माऱ्यानें साफ करतांना त्याच दट्ट्यांच्या सांध्यांत वाळू जाऊन ते निकामी झाले. ७ नोव्हेंबरच्या सकाळीं ताशीं सुमारें ६५ किलोमीटरच्या वाऱ्यांत पूल पिळवटूं लागला आणि थोड्याच तासांत मधला गाळा खाडींत कोसळला. माणूस एकहि दगावला नाहीं. मोटारींत अडकलेला एक कुत्रा तेवढा गेला. त्याला सोडविण्यास गेलेले प्राध्यापक फार्कर्सन यांना भेदरलेल्या कुत्र्यानें चावा घेतला. हेच गृहस्थ त्या पुलाच्या प्रतिकृति करून त्यांवर प्रयोग करीत होते.

असला वारा मोठा खरा, पण पूल उलथवून टाकण्याइतका तो नव्हता. खरें कारण असें कीं, पूल पिळला कीं त्याच्या पिळण्यामुळेंच वाऱ्याचा जोर अशा रीतीनें बदले कीं पुढचा पीळ अधिक वाढे. वारा पुलाची शक्ति काढून घेण्याऐवजीं दर हेलकाव्यास तिच्यांत भर घालीत होता. गणिताच्या भाषेंत अवमंदन उणें झालें होतें, आणि ही उणी रक्कम पुलाच्या अंगच्या अवमंदनाहून मोठी ठरतांच पुढचें सारें अटळ होतें. साठ वर्षांनीं, १० जून २००० रोजीं, लंडनच्या मिलेनियम पुलावर हाच खेळ माणसांच्या पावलांनीं केला. पूल किंचित् बाजूला हाले, तोल सांवरण्यासाठीं लोक नकळत त्याच्या तालावर पावलें टाकीत, आणि तो अधिकच हाले. दोनच दिवसांत पूल बंद करावा लागला. ३७ द्रवयुक्त दट्टे आणि पन्नासाहून अधिक झुलतीं वजनें बसवून तो फेब्रुवारी २००२ मध्यें पुन्हां उघडला. म्हणजे नकाशावर जी गोष्ट कोठेंच नव्हती, ती अखेर लोखंडाची घडवून पुलाला जोडावी लागली.

मधल्या काळांत संगणक आला. इ. स. १९५६ मध्यें टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनीं विमानाच्या बांधणीसाठीं एक रीत प्रसिद्ध केली. कोणतेंहि बांधकाम मनानें लहान लहान तुकड्यांत विभागावें, प्रत्येक तुकड्याचा ताठरपणा मांडावा आणि सर्वांची जुळणी संगणकावर सोडवावी, असें तिचें स्वरूप होतें. क्लफ यांनीं १९६० मध्यें तिला 'फायनाइट एलिमेंट' हें नांव दिलें आणि ती जगभर पसरली. वस्तुमान व ताठरपणा तुकड्यातुकड्यानें मांडतां येऊं लागले. पण अवमंदन तुकड्यांतून कसें काढावें? तेथें रॅलेचा विशेष प्रकार हाताशीं होताच. वस्तुमानाचा एक अंश आणि ताठरपणाचा एक अंश घेतला कीं काम झालें. दोनच आंकडे द्यावयाचे. परंतु दोन आंकड्यांनीं दोनच कंपनांचें अवमंदन मनासारखें ठरवितां येतें. त्याहून मंद कंपनांना वस्तुमानाचा अंश जास्त आवळतो, त्याहून जलद कंपनांना ताठरपणाचा अंश अधिकाधिक दाबून टाकतो, आणि दोहोंच्या मधल्या कंपनांना योग्य त्याहून कमीच मिळतें. ज्याला हें ठाऊक आहे तो सावध राहतो. ज्याला ठाऊक नाहीं त्याला संगणक तितकेंच स्वच्छ, तितकेंच सुबक उत्तर देतो.

ह्या सर्व गोष्टींची कसोटी लागली ती महाराष्ट्रांत. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे ४ वाजून २१ मिनिटांनीं कोयनानगर परिसर भूकंपानें हादरला. पावणेदोनशेंच्या आसपास माणसें मृत्युमुखीं पडलीं. घरें झोपलेल्या माणसांवर कोसळलीं. जवळच १०३ मीटर उंचीचें कोयना धरण उभें होतें, त्याच्यामागें शिवसागराचें पाणी होतें, आणि खालीं नदीच्या वाटेवर पाटण, कऱ्हाड आणि असंख्य खेडीं होतीं. धरण फुटलें नाहीं. परंतु त्याच्या कित्येक खंडांवर, जलाशयाकडील आणि नदीकडील अशा दोन्ही अंगांवर, आडव्या भेगा उमटल्या. आणि त्या उमटल्या विशेषतः ज्या उंचीवर धरणाच्या पाठीचा उतार एकदम बदलतो त्याच पातळीच्या आसपास.

धरणाच्या पोटांतील प्रवेगमापक यंत्रानें तो हादरा नोंदवून ठेवला होता. इतक्या मोठ्या धरणाला भूकंपानें खरोखर इजा केली, आणि इजा करणारा हादराहि तेथेंच टिपला गेला, असा योग जगांत फार विरळा. धरणाच्या आराखड्यांत भूकंपाचा जोर धरणाच्या वजनाचा शेंकडा ५ इतका, तोहि स्थिर बलासारखा, धरलेला होता. यंत्रानें नोंदलेला, धरणास आडवा असलेला कमाल प्रवेग मात्र गुरुत्वप्रवेगाच्या जवळजवळ निम्मा भरला. बर्कली येथील अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रबर्ती यांनीं हीच नोंद संगणकास देऊन धरणाच्या कंपांचें गणित केलें आणि १९७३ मध्यें तें विस्तारानें प्रसिद्ध केलें. जुन्या स्थिर रीतीनें जेथें ताण दिसतच नव्हता, तेथेंच, उताराच्या त्या वळणापाशीं, काँक्रीटच्या सोसण्यापलीकडचा ताण गणितांत दिसून आला. कागदावरची भेग आणि धरणावरची भेग एका जागीं आली. पुढें त्या खंडांना नदीच्या अंगानें काँक्रीटचे टेकू देऊन बळकटी आणण्यांत आली.

येथपर्यंतचें गणित भेग पडण्याच्या क्षणापर्यंतचें होतें. इंजिनियरांना पुढचें हवें होतें. भेग कितपत आंत जाईल, आरपार जाईल काय, वरचा भाग सुटून घसरेल काय, हे ते प्रश्न. आणि कऱ्हाडच्या माणसाच्या दृष्टीनें तेच खरे प्रश्न. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत भेगांचा मागोवा घेणारीं गणितें निघालीं, आणि तेथें रॅलेचें सोयीचें सूत्र फसवें ठरूं लागलें. कारण असें: अवमंदनाचा ताठरपणावर बसविलेला अंश आरंभींच, धरण अखंड असतांना ठरविलेला असतो. भेग पडल्यावर तिचे दोन ओंठ वेगानें दूर सरतात. तेथें आतां काँक्रीट जोडलेलें नाहीं. परंतु समीकरणाला ती वार्ता नसते. जुना ताठरपणा धरून तें त्या ओंठांच्या सरकण्याला विरोध करीत राहतें, जणूं भेगेंत कोणी अदृश्य दट्टे बसविले आहेत. वस्तुमानावरचा अंश त्याहूनहि विचित्र. त्याच्या कृपेनें प्रत्येक तुकडा आकाशांतील एखाद्या स्थिर खुंटीशीं बांधल्यासारखा वागतो. वरचा भाग घसरूं लागला तरी ही खुंटी त्याला मागें ओढते. परिणाम असा कीं, कागदावरचें धरण खऱ्या धरणापेक्षां धड दिसतें. चूक जर धोका वाढवून दाखविणारी असती तर ती सोसतां आली असती. ही नेमकी उलट्या बाजूची.

कॅलिफोर्नियांतील जॉन हॉल यांनीं २००६ मध्यें ह्या फसवणुकीवर एक स्वतंत्र निबंध लिहिला आणि उदाहरणें देऊन दाखविलें कीं, रॅले अवमंदन आंधळेपणानें वापरल्यास हीं खोटीं बलें खऱ्या बलांच्या तोडीचीं होतात. उपाय आहेत: भेग पडलेल्या तुकड्यांतील अवमंदन काढून टाकावें, किंवा तें आरंभींच्या नव्हे तर त्या त्या क्षणींच्या ताठरपणावरून ठरवावें. दुसरीहि एक चूक वारंवार घडते. धरणाची बरीचशी शक्ति पायाच्या खडकांत आणि जलाशयाच्या पाण्यांत लाटांच्या रूपानें निघून जाते. पूर्वीं खडक-पाणी गणितांत धरीत नसत, तेव्हां ही गळती त्या शेंकडा ५ च्या आंकड्यांतच गृहीत असे. आतां खडक आणि पाणी हीं दोन्ही संगणकांत मांडलीं जातात. तरीहि जुना ५ कायम ठेवला तर एकच गळती दोनदां मोजली जाते आणि धरण पुन्हां उगाच सुरक्षित ठरतें.

आंकडा ठरवावा तरी कसा? खरा मार्ग मोजण्याचा. बांधकामावर विषमभाराचीं चाकें फिरवून तें मुद्दाम हालवितात आणि कंप कसा विरतो तें टिपतात. पण असे प्रयोग हळुवार हाताचे. भूकंपांत सांधे उघडतात, भेगा घासतात, गळती वाढते. प्रयोगांतला आंकडा म्हणूनच भूकंपाला लागू पडत नाहीं, आणि भूकंपांतला आंकडा भूकंप होऊन गेल्यावरच मिळतो. नियमपुस्तकें मग एखादा आंकडा नेमून मोकळीं होतात. भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तींत पोलादी इमारतींना शेंकडा २ आणि काँक्रीटच्या इमारतींना ५ असा भेद होता. २०१६ च्या आवृत्तींत सर्व प्रकारच्या इमारतींना सरसकट ५ आला. चौदा वर्षांत पोलादाचा स्वभाव अडीचपट बदलला असें कोणी म्हणणार नाहीं. तो करार होता, मोजमाप नव्हे. आणि करार म्हणून तो वाईटहि नाहीं, करार आहे हें वापरणाऱ्याच्या ध्यानांत असलें म्हणजे झालें.

कोयनेची ती पहांटेची नोंद आज जगभरच्या संगणकांत आहे. भेगांचें नवें गणित कोणीं रचलें कीं प्रथम तें कोयना धरणावर चालवून पाहण्याचा प्रघात पडला आहे. धरणाची उंची सर्वांची सारखी, १०३ मीटर, हादरा तोच, धरणाचा सेकंदास सुमारें ३ झोंक्यांचा मूळ तालहि तोच. मग अवमंदनाचा रकाना येतो. तेथें कोणी शेंकडा ३ लिहितो, कोणी ५.